समोरच्या घरात पाच महिने

मी एक जुना काचेचा ट्रे आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा, लांबट, दोन्ही बाजूंना धरायला कान असलेला. माझ्या तळावर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पेनने लिहिलंय, ‘आर्डिस हाल्वरसन’. मित्रांनो, आमच्या गावात नाव नसलेलं भांडं घराबाहेर पाठवत नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेली वाळू, साचा आणि भयंकर उष्मा, एवढंच मला आठवतं. एकाहत्तर साली आर्डिस आणि लायलच्या लग्नात माझ्यासारखे सहा ट्रे आहेर म्हणून आले. पाच तिने दुकानात देऊन त्यांच्या बदल्यात इस्त्री आणि भिंतीवरचं घड्याळ आणलं. मी तेवढा उरलो. का, ते तिने कधी सांगितलं नाही, पण मला त्याचा अभिमान आहे.

टॉर्स्टन हे आमचं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं गाव. इथली माणसं फार बोलत नाहीत. कुणाकडे बाळ झालं, कुणाचा पाय मोडला, कुणी गेलं, की बायका हॉटडिश करून नेतात. खाली खिमा आणि फरसबी, त्यावर डब्यातलं मशरूमचं घट्ट सूप, आणि सगळ्यात वर बटाट्याचे छोटे गोळे, एकाला एक लावून ओळीने. ते सगळं माझ्यात भाजलं जायचं आणि माझ्यासकट त्या घरी जायचं. आठवड्याभरात ते लोक मला धुऊन, पुसून, रिकामा परत आणून द्यायचे. रिकामा, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे अशीच रीत आहे.

काय दिवस होते ते! चर्चच्या हॉलमध्ये वीस ट्रे मांडलेले असायचे आणि माझा तळ सगळ्यांत आधी दिसायचा. तळ दिसायचा म्हणजे अगदी पूर्ण नाही. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणीच घेत नाही. एक जण त्याचा अर्धा कापून घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा. शेवटी नखाएवढं काहीतरी राहतं आणि सगळे त्याच्याकडे बघत कॉफी पितात.

मग लायल गेला. त्या आठवड्यात आमच्याकडे अकरा ट्रे आले. मी मात्र कपाटात होतो. सगळे ट्रे रिकामे होऊन आपापल्या घरी गेले आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. मुलगी जोलीन विमानाने ॲरिझोनाला परतली. पुढची दोन वर्षं आर्डिसने मला बाहेर काढलं नाही. एका माणसासाठी एवढा ट्रे कोण लावणार? ती उभ्याउभ्याच एक अंडं खायची. मी खालच्या फळीवर, अडगळीत पडलो होतो.

एका ऑक्टोबरात समोरच्या घरातल्या डॉक्टर कोरायची आई आली. तुर्कस्तानातल्या कायसेरी गावची नेर्मिन. सहा महिन्यांसाठी आली होती. थंडी सुरू झाली होती, तरी ती बाई कोट घालून दारातल्या पायरीवर सफरचंद सोलत बसायची आणि रस्त्याकडे बघायची. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. आर्डिसने तीन दिवस पडद्याआडून हे पाहिलं. चौथ्या दिवशी तिने मला बाहेर काढलं.

“खिमा डुकराचा नाही. दुकानात विचारून घेतलाय,” समोरच्या दारात उभी राहून आर्डिस म्हणाली. “गरम आहे, फडक्याने धरा.”

नेर्मिनने मला दोन्ही हातांनी घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. एवढ्यात आर्डिस पायऱ्या उतरलीसुद्धा.

नेर्मिनला हॉटडिश आवडली का? खरं सांगायचं तर नाही. पण शेजारणीने दिलेलं टाकायचं नसतं, म्हणून तिने ती चार दिवस पुरवून खाल्ली. मग मला घासूनपुसून खिडकीशी ठेवलं. मी म्हटलं, चला, उद्या घरी!

त्या खिडकीत मी पाच महिने राहिलो.

कारण त्यांची रीत निराळी होती. शेजारणीचं भांडं रिकामं परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं, असं नेर्मिनच्या गावात मानतात. तिने माझ्यात बोरेक करायला घेतला. बोरेक म्हणजे कागदासारख्या पातळ पोळ्यांचे थर आणि मध्ये चीज. ओव्हन एकशे ऐंशीवर लावला. तासाभराने पाहते तर आतला ऐवज पांढराफटक, ओलाच. इथल्या ओव्हनचे अंश फॅरनहाइटचे, तिच्या सवयीचे सेल्सिअस नव्हेत, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

“अगं सेवगी,” ती बहिणीला फोनवर म्हणाली, “चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पोरांना तापमानावरून छड्या मारल्या, आणि इथे माझीच फजिती!”

दुसऱ्यांदा पोळ्या फाटल्या. तिसऱ्यांदा हवं तसं चीज मिळालं नाही. तोवर महिना लोटला होता. आता साधंसुधं काही देऊन चालणार नव्हतं. जितका उशीर, तितकी लाज, आणि जितकी लाज, तितका आणखी उशीर.

सेवगीला ती रोज सकाळी फोन करायची. मी शेजारीच असायचो. माझाच देश मला तिच्या तोंडून नव्याने कळत होता.

“माणसं फार गोड आहेत गं. दुकानातली मुलगी रोज विचारते, कशा आहात? परवा मी खरंच सांगायला लागले. म्हटलं, गुडघा दुखतोय, झोप येत नाही. ती बिचारी घाबरलीच! मागे ही एवढी रांग.”

“आणि शेजारीपाजारी?”

“घरांना कुंपणच नाही. ह्याचं अंगण कुठे संपलं आणि त्याचं कुठे सुरू झालं, कळत नाही. पण ओलांडून कुणी येत नाही. लांबून हात मात्र सगळे हलवतात. कुत्र्याला स्वेटर घालतात आणि तान्ह्या बाळाला वेगळ्या खोलीत एकटं झोपवतात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हॉटेलात पाणी मागितलं तर त्यात बर्फ!”

“बाई बाई! आणि कोराय?”

“तो सकाळी जातो, दिवस मावळल्यावर येतो. गाडीतच जेवून येतो. खिडकीतून पिशवी हातात देतात इथे. उतरायलासुद्धा नको.”

“मग तू बोलतेस कुणाशी?”

नेर्मिनने फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली. “तुझ्याशीच की,” ती म्हणाली.

आणि समोर, रस्त्यापलीकडे, आर्डिस तिच्या खिडकीत उभी असायची. मला दिसायची ना! दिलेला ट्रे परत मागणं आमच्याकडे फार वाईट दिसतं. मागायचा नाही, विषयही काढायचा नाही, फक्त वाट बघायची. दोन महिने झाल्यावर तिने मनाशी काय ठरवलं असेल, ते मी सांगू शकतो. ह्यांना माझं जेवण आवडलं नाही, आणि मीही.

डिसेंबरात चर्चमधल्या कुणाचा तरी अंत्यविधी होता. आर्डिस घराबाहेर पडली. तिच्या हातात ट्रे होता. चकचकीत, पातळ पत्र्याचा, वापरून फेकून द्यायचा! मित्रांनो, पन्नास वर्षं मी त्या घरचा आणि माझ्या जागी तो टिनपाट! मी खिडकीतून सगळं पाहिलं. मला फार वाईट वाटलं. रस्ता ओलांडून तीस पावलं आली असती तर मी मिळालो असतो, पण ती गाडीत बसून गेली.

एकदा जमता जमता राहिलं. जानेवारीत आर्डिस फावड्याने बर्फ बाजूला करत होती. नेर्मिनने धीर केला, दार उघडलं आणि हाक मारली, “आर्डिसताई! चहा! या ना!”

“नको नको, तुम्हाला उगाच त्रास,” आर्डिस म्हणाली. आणि फावड्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

मला तिचं मन कळत होतं. आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्यालाही नकोच म्हणायचं. तिसऱ्यांदा बोलावलं की मग म्हणायचं, बरं, पाचच मिनिटं. आर्डिस दुसऱ्या हाकेची वाट बघत होती. मी काचेचा नसतो तर ओरडून सांगितलं असतं.

नेर्मिनच्या गावातही असाच आग्रह करतात. पण कोरायने तिला बजावून ठेवलं होतं, “आई, इथे आग्रह करायचा नाही. माणूस नाही म्हणाला की नाही. पुन्हा विचारलं तर आवडत नाही त्यांना.” नेर्मिनने दार हळूच लावून घेतलं. आर्डिस आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग बर्फ उपसायला लागली.

मार्च उजाडला. बॅगा भरल्या जाऊ लागल्या. निघायच्या आदल्या दिवशी कोराय घरी होता. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“आई, हा ट्रे कुणाचा?” त्याने मला उलटा करून नाव वाचलं. “हा अजून दिला नाहीस?”

“काय घालून देऊ? काहीच धड जमलं नाही माझं.”

“अगं, घालायचं काही नसतं! इथे नुसता धुऊन देतात.”

“रिकामा?”

“रिकामाच.”

नेर्मिन खुर्चीत बसली. “पाच महिने,” ती म्हणाली. “पाच महिने, कोराय! सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस, आई. मला वाटलं आपलाच आहे.”

ती उठली. मिळतील त्या तयार पोळ्या आणि मिळेल ते चीज घेऊन तिने बोरेक लावला. एक बाजू करपली. तिने तशीच ठेवली. मला टॉवेलात गुंडाळलं आणि रस्ता ओलांडला. मोजून तीस पावलं.

“अगंबाई, एवढा त्रास कशाला?” आर्डिस दारात म्हणाली. “आत या.”

“नको. उद्या जायचंय. तुम्हाला कामं असतील.”

“कसली कामं? या.”

“नको, खरंच.”

“ये म्हणते ना!”

नेर्मिन आत आली. आर्डिसने कॉफी ठेवली. करपलेल्या बाजूचा तुकडा तिने मुद्दाम स्वतःला घेतला.

“जानेवारीत मी बोलावलं, तेव्हा आला नाहीत,” नेर्मिन म्हणाली.

“पुन्हा बोलावशील म्हणून थांबले होते. पाय गारठले माझे!”

“कोराय म्हणाला, इथे एकदा नाही म्हणजे नाहीच.”

“कोराय शिकला कुठे?”

“न्यूयॉर्कला.”

“तरीच!” आर्डिस म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता आर्डिसने चष्मा काढून डोळे पुसले. “मला वाटलं, तुला मी आवडले नाही.”

“मला वाटलं, तुम्ही रागावलात.”

त्या दुपारी दोघी लायलबद्दल बोलल्या, आणि नेर्मिनच्या नवऱ्याबद्दल, आणि गुडघ्यांबद्दल. आर्डिसने कशी आहेस विचारलं आणि पूर्ण उत्तर ऐकलं. शेवटचा तुकडा उरला. आर्डिसने अर्धा कापला. नेर्मिनने उरलेल्याचा अर्धा. मग पुन्हा आर्डिसने. नखाएवढा तुकडा राहिला तेव्हा नेर्मिन म्हणाली, “आमच्याकडेही असंच!” निघते म्हणून दाराशी गेल्यावर दोघी तिथेच तासभर उभ्या होत्या. जाण्याआधी नेर्मिनने पेन मागितलं आणि माझ्या तळावर, आर्डिसच्या नावाखाली, स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. आर्डिस खिडकीत होती. तो नखाएवढा तुकडा तिने चार दिवस माझ्यात तसाच ठेवला. मग मला धुतलं, नावांना पाणी लागू न देता, आणि कपाटात ठेवलं. समोरच्या पायरीवर आता कुणी बसत नाही.

मित्रांनो, मी आता फार क्वचित बाहेर पडतो. एका कानाचा थोडा टवका उडालेला आहे. तुमच्या घरात कुणाचं भांडं राहिलं असेल, तर त्यात काय घालावं याचा विचार करत बसू नका. आजच नेऊन द्या. मला त्या दुपारी बोरेक भरून नेलं, ते छानच झालं. पण नोव्हेंबरात मी रिकामा गेलो असतो, तरी आर्डिसने दार उघडलंच असतं.