राजपुत्र उठायची वेळ

हरिदास आबांनी तीस वर्षं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. पडद्याआड बसून, वही डोळ्यांशी धरून, कुजबुजत. त्यांचा आवाज पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नव्हता आणि त्यांना ते बरंच वाटायचं.

आज मात्र ते चंद्रपूरला नातीच्या एमआरआयसाठी आले होते. आठ वर्षांच्या उर्वशीचं डोकं महिनाभर दुखत होतं.

"पंचवीस मिनिटं हालाचं नाई," मशीन चालवणारा संघपाल म्हणाला. "हालली तं फोटो बिघडते. मग झोपेचं इंजेक्शन देऊन पुन्हा करावं लागन."

सुईचं नाव निघताच उर्वशीने आबांचा सदरा घट्ट धरला.

कानातलं, केसांच्या पिना, सगळं निघालं. कानांत बोळे गेले, डोक्यावर पिंजऱ्यासारखी चौकट बसली.

"मंडईत तू मेलेला राजपुत्र झाली होती ना?" आबा पुटपुटले. "तशीच पड."

"त्या वक्ती नाकावर डास बसला होता, तरी हालली नाई मी. पण तू बोलत राहजो."

काचेपलीकडे मशीन धानाच्या गिरणीसारखं खडखडू लागलं. मध्येच थांबलं, तसा उर्वशीचा अंगठा हलला. संपलं असं वाटलं असावं तिला. संघपालने माइक पुढे सरकवला. "बोला आबा, लवकर!"

'अजून उठू नको' आबांच्या ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. नाटकात राजपुत्र 'ऊठ' ऐकूनच उठायचा! मग त्यांनी त्याआधीचा राणीचा विलाप सुरू केला.

"कुजबुजता काऊन? तिले ऐकू येऊन नाई राह्यलं!" संघपाल म्हणाला.

आबांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला. "अरे माझ्या राजसा, कोणाच्या भरवशावर सोडून गेलास रे!" अंगठा निपचित पडला. मशीन जेव्हा जेव्हा थांबलं, तेव्हा राणी पुन्हा रडली.

"फोटो एकदम साफ!" संघपाल अखेर म्हणाला. आत जाऊन त्याने चौकट काढली. "झालं बेटा, चाल." उर्वशी डोळे मिटून तशीच. "बेटा?" त्याला घाम फुटला.

मागून आलेल्या आबांच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"ऊठ राजा, कोंबडा आरवला!"

बाहेरच्या बाकांवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. राजपुत्र टुणकन उठून बसला.

"आबा, राणीचं मधातलं एक वाक्य तू खाल्लं," उर्वशी म्हणाली.