खाडाखोडीची सही

चहाचा ट्रे बुधाजी घरतांनी स्वयंपाकघराच्या दारातच अडवला आणि बायकोच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"मी नेतो. तू बस आत."

"अवो, पोर पुण्याहून आलीय. तोंड तरी दाखवू द्या," दमयंती म्हणाली.

"मुलाखत माझी आहे, तुझी नाही."

उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या घरात ट्रे उचलला नव्हता. दोन्ही कप एका बाजूला घसरले, निम्मा चहा बशीत आला आणि साखरेचा डबा आतच राहिला. तरी पडदा नीट ओढून घ्यायला ते विसरले नाहीत.

बाहेरच्या खोलीत मनस्वी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बसली होती. 'लेखकाचे जीवन आणि त्याची शैली' हा तिचा पीएचडीचा विषय, आणि त्यात एक अख्खं प्रकरण बुधाजी घरतांवर. पनवेलमध्ये एवढा मान त्यांना कोणी दिला नव्हता. तीन कादंबऱ्या लिहूनही बाजारात लोक त्यांना दस्तवाले घरत म्हणूनच ओळखत. पस्तीस वर्षं त्यांनी रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून खरेदीखतं लिहिली होती. आता कोणीतरी त्यांना साहित्यिक ठरवायला एवढ्या लांबून आलं होतं, आणि ते ठरेपर्यंत दमयंतीनं पडद्याआड राहावं एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

"सर, मला तुमचा हा पॅराग्राफ भयंकर आवडतो," म्हणत मनस्वीनं पुस्तक उघडलं. "'तिच्या पूर्वेस खिडकी, पश्चिमेस सासू, दक्षिणेस चूल व उत्तरेस तो स्वतः. येणेप्रमाणे चतुःसीमा असलेली ती मुलगी लाजली.' आणि पुढे, 'तिने कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने त्याचा हात धरला.' सर, हे इतकं कोरडं आहे की रडू येतं."

बुधाजींनी विनयानं मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्यांना दुसरं लिहिताच येत नव्हतं. पस्तीस वर्षांत हाताला वळण लागलं ते लागलं. समीक्षक त्याला शैली म्हणाले, तेव्हा बुधाजींनीही ते राजीखुशीने मान्य केलं.

त्या शैलीचा दुसराही एक फायदा होता, तो समीक्षकांना ठाऊक नव्हता. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा दमयंतीनं मोठ्या हौसेनं चष्मा लावून ती वाचायला घेतली होती. पहिल्याच पानावर एका झोपडीची चतुःसीमा होती. उत्तरेचा बांध येईपर्यंत दमयंतीला गाढ झोप लागली. त्यानंतर तिनं नवऱ्याच्या पुस्तकाला हात लावला नाही, आणि बुधाजींनी प्रत्येक कादंबरीची सुरुवात चतुःसीमेनंच करायचा नेम धरला.

"आणि ही नवीन कादंबरी?" मनस्वीनं टेबलावरची हस्तलिखिताची चळत जवळ ओढली. "सर, एकही खाडाखोड नाही?"

"खाडाखोड म्हणजे भांडणाला आमंत्रण," बुधाजी आता रंगात आले. हा त्यांचा हातखंडा विषय. "दस्तात एक अक्षर खोडलं, तरी शेजारी सही घ्यावी लागते."

"तुमची?"

"माझी कशाला? मी नुसता लिहिणारा. सही लिहून देणाऱ्याची. ज्याची वस्तू, त्याची सही. घेणाऱ्याचीसुद्धा चालत नाही."

मनस्वीनं ते वहीत उतरवून घेतलं. मग तिनं पेन हनुवटीला लावलं. ज्या प्रश्नाची बुधाजींना धास्ती होती तो आता येणार, हे त्यांना पेन पाहूनच कळलं.

"सर, तुमच्या बायका इतक्या जिवंत असतात. हे सगळं अनुभवविश्व येतं कुठून?"

"एकांतातून," बुधाजी म्हणाले.

नेमकं तेव्हाच आतून आवाज आला. दमयंती फोनवर तिच्या भावजयीला आपटा गावातल्या कुणा म्हातारीचा किस्सा सांगत होती. म्हातारीनं रागाच्या भरात सुनेऐवजी जावयाला घराबाहेर काढलं होतं, आणि तोही वेडा दोन दिवस गोठ्यात राहिला होता. बुधाजींनी घाईघाईनं पंखा पाचावर केला. त्या किश्श्यानं त्यांच्या दुसऱ्या कादंबरीची शेवटची चाळीस पानं भरली होती.

बुधाजींच्या आयुष्यात तसं काही घडलंच नव्हतं. सकाळी टेबल, संध्याकाळी घर, मध्ये लोकांच्या जमिनी. घडलं ते सगळं दमयंतीच्या माहेरी, पाताळगंगेकाठी, आपट्याला. रोज संध्याकाळी ती कोलंबी सोलता सोलता तिथलं काहीबाही सांगायची, आणि बुधाजी पेपर तोंडापुढे धरून बसायचे. पेपरच्या समासात बारीक अक्षरांत काय उतरतंय हे तिनं कधी पाहिलं नाही. "भिंतीशी बोललेलं बरं," असं म्हणून ती कोलंबीची सालं उचलायची. बुधाजींना तेव्हा लाज वाटायची. पण सांगायला गेलं तर ती सांगायची थांबेल, ही भीती त्याहून मोठी होती.

"यातलं थोडं वाचते हं, सर," म्हणत मनस्वीनं मोठ्यानं वाचायला सुरुवातही केली. "'सदर होडी वऱ्हाडासह ओहोटीमुळे गाळात रुतली. होडीच्या पूर्वेस गाळ, पश्चिमेस गाळ, दक्षिणेस व उत्तरेसही गाळ. नवरदेव होडीत बसून राहिला. मुहूर्त टळत चालला होता. नवरी भामा काठावर उभी राहून रडू लागली.'"

"साखर इसरलात," असं म्हणत पडदा सारून दमयंती बाहेर आली, आणि डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"परत वाच गो बाय. शेवटचं."

मनस्वीनं परत वाचलं. बुधाजींनी डोळे मिटून घेतले.

"खोटं हाय," दमयंती म्हणाली. "भामाआत्या रडली नाय. रडला तो नवरा. आत्यानं नऊवारी गुडघ्यापरयंत खोचली, दोनी हार गळ्यात टाकले आन् उतरली चिखलात. होडीपाशी जाऊन त्याला म्हणली, वाक खाली."

मनस्वीनं पेन खाली ठेवलं. "काकू, हे... हे तुमच्या आत्याचं आहे?"

"मंग कुणाचं? मी यांना धा वेळा सांगितलंय." दमयंतीनं टेबलावरची चळत पाहिली, मग काचेच्या कपाटातली पुस्तकं पाहिली. "त्यांच्यात पन हायत का? गोठ्यातला जावई हाय?"

बुधाजींनी डोळे न उघडताच मान हलवली. साहित्यिक म्हणून आपली कारकीर्द साधारण पाऊण तास टिकली, असा त्यांनी हिशेब केला. आता बायको काय काय ऐकवील याची ते वाट पाहू लागले. शेवटी न राहवून त्यांनी एक डोळा उघडला.

दमयंती खुर्चीच्या कडेवर बसली होती. साखरेचा डबा तिनं मांडीत घट्ट धरला होता.

"म्हंजे ऐकत होतात?" ती हळूच म्हणाली. "मना वाटायचं पेपर वाचता."

बुधाजींना भाषा येत होती ती एकच, दस्ताची. त्यांनी खिशातलं पेन काढलं. भामा काठावर रडत होती त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'भामा दोन्ही हार गळ्यात घालून चिखलात उतरली व त्यास म्हणाली, वाक खाली.'

मग त्यांनी पान बायकोपुढे सरकवलं आणि समासावर बोट ठेवलं.

"इथं सही कर."

दमयंतीनं पेन घेतलं. शाळेत शिकवली होती तशी, एकेक अक्षर सुटं ठेवून, तिनं सबंध नाव लिहिलं. समासात जागा पुरेना, तेव्हा आडनाव खालच्या ओळीत गेलं. मनस्वी ते बघत राहिली. मग तिनं आपली वही मागे उलटली आणि 'एकांत' या शब्दावर काट मारली.

"पुढं वाच गो," दमयंती तिला म्हणाली. "यात आनकी लई चुका असतील." मग पेन परत देताना ती नवऱ्याकडे वळली. "तुमची सही?"

"माजी नको," बुधाजी म्हणाले. "घेनाऱ्याची लागत नाय."