पंतांच्या मोरीतला बोळा

मुलांनो, डोळे मिटा आणि सोलापुरातली एक उतरती गल्ली मनात आणा. साल एकोणीसशे बत्तीस. घरं सहा. त्यांच्या मोऱ्यांचं सांडपाणी जमिनीखालच्या एका जुन्या गटारात जातं. आता ते गटार खालच्या टोकाला तुंबलंय. पाणी कुठं जाईल? आलं तिकडंच, माघारी.

ते प्रथम यज्ञेश्वरपंतांच्या मोरीतून वर आलं, कारण त्यांचं घर सर्वांत खाली. पंत त्या भागाच्या सफाई कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी गटार उपसायला माणसं लावली नाहीत. जुन्या धोतराचा बोळा करून मोरीत कोंबला, वर दगड ठेवला आणि हात धुतले.

मग पाणी त्यांच्या वरच्या घरात निघालं. तिथंही बोळा. अध्यक्षांनीच बसवलाय म्हटल्यावर तोच उपाय. असं करत पाणी गोपाळ मास्तरांकडे पोचलं. त्यांच्या मोरीचं तोंड घागरीएवढं, बोळा टिकेना. आणि गल्लीतली सहाही घरं ज्याचं पाणी पीत, तो आड त्यांच्याच अंगणात. दुपारपर्यंत घाण आडापासून दोन हातांवर आली.

मास्तर, त्यांची नऊ वर्षांची यशोदा आणि शेजारची काशम्मा पंतांकडे गेली. काशम्माच्या कमरेवर रिकामी घागर.

"पंत, आडात घाण गेली तर आमी प्यायचं काय?"

"मी काय स्वस्थ बसलोय?" पंत झोपाळ्यावरून म्हणाले. "ठराव लिहिलाय. मंगळवारी सभा आहे."

"पाणी आजच आलंय की."

"त्याला सभेची नोटीस मिळाली नसेल," मास्तर म्हणाले.

पंतांना ते रुचलं नाही. "मास्तर, आपापली मोरी आपण सांभाळावी. माझ्याकडे बघा, थेंब नाही."

यशोदानं मोरीकडे पाहिलं. "काका, हा बोळा काढला तर आमच्याकडचं पाणी उतरेल?"

"उतरेल. पण इथं येईल ना."

"इथं आड नाही ना?"

"नाही. आणि मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये."

मोठी माणसं पुन्हा बोलू लागली. सभा सोमवारी घेता येईल का, असा विषय निघाला. पंत म्हणाले, त्यासाठी वेगळा ठराव लागेल.

यशोदानं परकर खोचला, मोरीत गेली, दगड बाजूला ढकलला आणि दोन्ही हातांनी बोळा उपसला.