पहिल्या रांगेतला हिवाळा

"तुला झोपायचंच तर आहे इथं," रेइदुन म्हणाली. "संध्याकाळी यायचं, दिवे लावायचे, झोपायचं. सकाळी आपली कामावर. त्यात एवढा विचार कसला करतेस?"

"झोपायला माझं घर आहे की मला," गुनवोर म्हणाली.

"आहे गं. पण तुझ्या खिडकीतून दिसतं काय? डोंगर. आणि तोही पाठीकडून."

रेइदुनचे बोलणे हे असे. हसत हसत बोलायची आणि नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवायची. दोघी तिच्या घरापुढच्या लाकडी धक्क्यावर बसल्या होत्या. पायांखाली पाणी फळ्यांवर थापट्या मारत होते, आणि ऑक्टोबर असूनही ऊन इतके चांगले पडले होते की गुनवोरने कोट काढून मांडीवर घेतला होता. डोंगरामागच्या तिच्या गल्लीत या वेळी दिवे लागले असतील, हे तिला ठाऊक होते. तिथले ऊन नोव्हेंबरात जे जाते ते फेब्रुवारीतच तोंड दाखवते.

भानगड अशी होती. आमच्या आर्नसुंड गावात पाण्याकाठची पहिल्या रांगेतली घरे पांढरी, सुबक आणि बड्या लोकांची. पण नगरपालिकेचा नियम आहे, की घर खुशाल घ्या, मात्र त्यात बारा महिने माणूस राहिला पाहिजे. उन्हाळ्यापुरते आलात, धक्क्यावर बसून कोळंबी खाल्लीत आणि गेलात, असे चालणार नाही. ही घरे घेणाऱ्या ओस्लोच्या लोकांनी त्यावर तोड काढली. त्यांनी खोल्याखोल्यांत टायमर बसवले. संध्याकाळ झाली की रांगेतले दिवे एकदम लागतात, झोपायच्या वेळी एकदम विझतात, आणि आत चिटपाखरूही नसते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही, कारण याच लोकांची छपरे दुरुस्त करून आणि होड्या रंगवून निम्म्या गावाची चूल पेटते.

रेइदुन मात्र ओस्लोची नव्हे, गावचीच. गुनवोरच्या वर्गातली. तिच्या नवऱ्याच्या, हाल्वारच्या, गुडघ्यांसाठी यंदाचा हिवाळा स्पेनमध्ये काढायचे ठरले होते, आणि टायमरची लबाडी आपल्याला जमायची नाही असे तिने गावभर सांगून टाकले होते.

"फक्त तुझं नाव नको हं नोंदवायला," ती म्हणाली. "उगीच भाडेकरू वगैरे भानगडी होतात. नगरपालिकेच्या हिशेबी आम्हीच राहतोय. कुणी विचारलंच तर सांग, रेइदुन बाजारात गेलीये."

"पाच महिने?"

"मला बाजारात वेळ लागतो, सगळ्यांना माहितीये."

गुनवोर हसली नाही. "बघते," एवढेच म्हणाली. मनातल्या मनात तिची बॅग केव्हाच भरून झाली होती.

हे घर आणि हा धक्का एके काळी तिच्या वडिलांचा होता, हे इथे सांगायला हवे. तेव्हा पहिल्या रांगेत राहणे म्हणजे गरिबीचे लक्षण. मासळीचा वास, तळघरात पाणी, फटीफटीतून वारा. पैसेवाले वर टेकडीवर राहायचे. हाल्वारच्या बापाने तोर्युसला, म्हणजे गुनवोरच्या वडिलांना, होडीचे एक कोरे करकरीत इंजिन दाखवले आणि तोर्युसने त्या बदल्यात घर, धक्का, सगळे देऊन टाकले. दुसऱ्याच उन्हाळ्यात ते इंजिन होडीवरून निसटून समुद्राच्या तळाशी गेले. अजूनही गावात कोणी आतबट्ट्याचा व्यवहार केला की लोक म्हणतात, "तोर्युसचं इंजिन घेतलंस की रे!" गुनवोर तेव्हा अगदी लहान होती. तिला त्या घरातले काहीच आठवत नाही. पण रेइदुन लग्न करून तिथे राहायला गेली त्या दिवसापासून गुनवोरच्या पोटात जे दुखायला लागले ते काही थांबले नाही. ती नगरपालिकेतर्फे म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे औषधपाणी करते. कामाची छोटी गाडी घेऊन धक्क्याजवळून रोज जायचे. रेइदुन पाण्यात पाय सोडून बसलेली दिसली की हात हलवायचा, आणि गाडीची काच वर करायची.

नोव्हेंबरात रेइदुन गेली आणि गुनवोर आली.

त्या हिवाळ्यात ती जशी राहिली तशी पहिल्या रांगेत कोणी राहिले नसेल. पहाटेच्या काळोखात उठायची नाही. उजाडेपर्यंत थांबायची, मग झगा गुंडाळून धक्क्यावर जायची, झगा बाकावर टाकायची आणि शिडीवरून त्या बर्फासारख्या पाण्यात उतरायची. तोंडातून एक आरोळी निघायची, ती समोरच्या बेटापर्यंत जायची. मग कॉफी, पाव, त्यावर तपकिरी चीज, आणि त्या चीजवर पडलेले ऊन. केस ती पुसायची नाही. ओल्या केसांनीच कामावर जायची, म्हणजे कोणीतरी विचारेल.

ओलुफकाकांनी विचारले. जहाजांना खडकांतून वाट दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता पायांच्या जखमांना गुनवोर रोज पट्ट्या बांधायची.

"केस ओले दिसतायत."

"डुबकी मारून आले."

"कुठनं?"

"धक्क्यावरनं, आणि कुठनं!"

"कुणाच्या धक्क्यावरनं?"

"पाय वर करा, काका."

"आयत्या बिळावर नागोबा झालीस म्हण की." काका खदखदून हसले. "तोर्युस असता तर म्हणाला असता, पोरीनं बिनइंजिनाचं परत मिळवलं."

"मार्चपर्यंतच मिळवलंय. पाय वर, म्हटलं ना."

सुख मिळाले की मत्सर निवतो, असे म्हणतात. काही निवत नाही. गुनवोरचा तर वाढला. आजवर तिला धक्क्याचा हेवा वाटायचा. आता रेइदुनच्या कपबशांचा वाटू लागला, स्वयंपाकघरातल्या त्या नेमक्या जागच्या खिडकीचा, उशीवर पडणाऱ्या पाण्याच्या कवडशांचा. अशा सकाळी या बाईने वर्षानुवर्षे उपभोगल्या होत्या. उपभोगल्या तरी कुठे? पहिल्याच दिवशी शिडीवर पाय ठेवताना तो घसरला होता. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ होते. रेइदुन कैक वर्षांत पाण्यात उतरलीच नव्हती. हे पाहून गुनवोरला बरे वाटायला हवे होते. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घासणी घेऊन तिने दुपारभर ती शिडी घासली, आणि घासताना रेइदुनला मोठ्याने शिव्या दिल्या. ऐकायला आजूबाजूला होते कोण? टायमर.

रेइदुनचा अधूनमधून फोन यायचा.

"कसं चाललंय गं? कंटाळली असशील. इथं ये बघायला, ऊन म्हणजे काय असतं ते! हाल्वार नुसत्या शर्टावर फिरतोय."

"इथं पण होतं आज ऊन."

"ते कसलं ऊन!" रेइदुन म्हणायची. गाढवाला गुळाची चव काय, असे गुनवोर फोन ठेवल्यावर म्हणायची. फोनवर म्हणायची हिंमत मात्र व्हायची नाही, कारण किल्ली रेइदुनची होती.

जानेवारीत मोठे वादळ झाले. पाणी धक्क्यावर चढले, कुठेतरी तारा तुटल्या आणि गावाची वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. वादळ गेले, आकाश स्वच्छ झाले. गुनवोरची सुट्टी होती. सकाळी ती पाण्यातून वर आली आणि शिडीवरच थबकली. लख्ख उन्हात पहिल्या रांगेतले एकूण एक घर दिव्यांनी उजळले होते. दिवाणखाने, जिने, माळे, सगळे. वीज गेल्याने टायमरची घड्याळे मागे पडली होती आणि ती आता भर दिवसा संध्याकाळ करत होती. संध्याकाळी खरा काळोख झाला तेव्हा रांग ठार आंधळी. फक्त गुनवोरचा दिवा.

तीन-चार दिवस हा तमाशा चालला. पहिले दोन दिवस गाव हसले. मग कोणीतरी नगरपालिकेत बोलले असावे, कारण एका सकाळी निळ्या जाकिटातली एक तरुण बाई दारे ठोठावत रांगेतून येताना दिसली. गावात नवी होती, गुनवोरला ओळखत नव्हती. दारामागून दार गप्प होते. शेवटी ती धक्क्यावर आली. गुनवोर बाकावर झगा गुंडाळून कॉफी पीत होती, केसांतून पाणी गळत होते.

"नमस्कार. या घरात कोण राहतं?"

रेइदुन बाजारात गेलीये. वाक्य तयार होते, जिभेवर होते. गुनवोरने तोंड उघडले.

"मी राहते," ती म्हणाली.

"तुम्ही? आमच्याकडे आस आडनावाचे नवरा-बायको नोंदलेले आहेत."

"ते नसतात. ते स्पेनला असतात. मी असते. गुनवोर तोर्युसची. मी राहते इथं."

ती बाई खूश झाली. "चला, रांगेत एक तरी माणूस सापडलं," म्हणाली, नाव लिहून घेतले, आणि पाणी किती गार आहे ते विचारून गेली. गुनवोरने उरलेली कॉफी एका घोटात संपवली. आपण खरे बोललो की दावा साधला, हे तिचे तिलाच सांगता आले नसते. दोन्ही झाले होते, आणि दोन्हींचा तिला सारखाच आनंद झाला होता.

ओस्लोच्या मालकांना नोटिसा गेल्या. रेइदुनला नोटीस गेली नाही. तिला नगरपालिकेने फोन करून सांगितले, की आपल्या घरात गुनवोरबाई राहतात हे कळले, छान झाले.

रेइदुन ईस्टरच्या आधीच परत आली. काळीसावळी होऊन, पण तोंड आवळून. बॅगा दारातच टाकून ती सरळ धक्क्यावर गेली. गुनवोर तिथे आपला झगा घडी करत होती.

"झोपायला सांगितलं होतं मी तुला! राहायला नाही!"

"फरक काय असतो गं?"

"फरक काय? सगळ्या गावात बोंब झाली, की आम्ही खोटं सांगितलं. हाल्वार कुठं तोंड दाखवेनासा झालाय. आणि तू कोण? तोर्युसची! काय गरज होती तोर्युसचं नाव काढायची? माझ्या धक्क्यावर?"

"तुझ्या," गुनवोर म्हणाली. "शेवाळ होतं गं शिडीला. इतकं. तुला माहिती तरी होतं का?"

रेइदुनला काही कळले नाही. ती बाकावर बसली. मग रेइदुनचा आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाज गुनवोरला शाळेपासून ओळखीचा होता.

"जाऊ दे. झालं ते झालं. आता तुझंच नाव आहे तिथं. पुढच्या हिवाळ्यात तू नसलीस तर आम्हालाही नोटीस येईल. तेव्हा ये तू. दर हिवाळ्यात ये. आपलंच घर समज."

गुनवोरने घडी केलेला झगा पुन्हा उलगडला. दर हिवाळा. मरेपर्यंत हिवाळे. ते चीजवरचे ऊन.

"आणि उन्हाळ्यात?" तिने विचारले.

"उन्हाळ्यात आम्ही असतो ना गं. पाहुणे असतात आमचे."

"मी धक्क्यावर आले तर? शुक्रवारी, कोळंबी घेऊन? बसले तुझ्याबरोबर?"

रेइदुनने समोरच्या बेटाकडे पाहिले. "बघू," ती म्हणाली. "पण लोकांसमोर ते 'मी राहते' वगैरे नको हं. लोक विचारतात मग, कोण ही."

"मग सांग त्यांना, गुनवोर बाजारात गेलीये."

"हे बघ, टोमणे नकोत."

"टोमणा नाही." गुनवोरने झगा बॅगेत कोंबला. तिला ते घर इतके हवे होते की दात दुखत होते. "दिवे लावायला टायमर घे तू. स्वस्त मिळतात. मी नाही येणार."

किल्ली तिने बाकावर, रेइदुनच्या शेजारी ठेवली. रेइदुन "अगं, अगं" म्हणाली, पण उठली नाही.

डोंगरामागे जाणारा रस्ता धक्क्यापासूनच चढतो. थोडे वर गेले की बेकरीच्या भिंतीआड समुद्र दिसेनासा होतो, आणि मग घरापर्यंत नुसता डोंगर. गुनवोर बॅग घेऊन चार पावले चढली, थांबली आणि वळली. मग पाण्याकडे तोंड ठेवून ती पाठमोरीच वर चढू लागली. साठी उलटलेली बाई भर दुपारी, गावाच्या मुख्य रस्त्याने, उलट्या पावलांनी चाललेली.

"गुनवोर, पडशील!" बेकरीच्या दारातून कोणी ओरडले.

"पडू दे!"

खाली धक्का चमकत होता. ओहोटी होती, आणि घासलेली शिडी पाण्याबाहेर अर्धी दिसत होती. रेइदुन बाकावरच होती. फोनवर कोणाशी तरी हातवारे करत बोलत होती, समुद्राकडे पाठ करून.

"पाठ करून बसलीये!" गुनवोर म्हणाली. "बघा, बघा, पाठ करून बसलीये!" बेकरीतून ओरडणारे माणूस केव्हाच आत गेले होते, ऐकायला रस्त्यावर कोणी नव्हते. बॅग तिने दुसऱ्या हातात घेतली, टाच मागे टाकून जमीन चाचपली, आणि भिंत आडवी येईपर्यंत तशीच चढत राहिली.