एकाच पाण्याची बादली

मी एक जुनी निळी बादली आहे, मित्रांनो. प्लास्टिकच्या मोडक्या खुर्च्या वितळवून मला घडवलं आणि कल्याणच्या बाजारातून बाबुरावांनी मला उचललं. तेव्हा ते कोपरला चाळीत राहायचे. नळाला जेमतेम तासभर पाणी यायचं. मी भरले की ते म्हणत, "ही आहे म्हणून घर आहे." मला फार अभिमान वाटे. पुढे इमारत झाली, टाकी आली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली.

गॅलरीत बाबुरावांची ऑर्किडं टांगलेली. त्यांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. कुंडी माझ्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की उचलायची. मग पुढची. पाणी तेच. उरलेल्या पाण्याने लादी पुसायची. पाणी फेकणं बाबुरावांच्या रक्तातच नव्हतं.

बुडव. उचल. बुडव. उचल.

यंदा सगळ्यांत जुन्या झाडाला पांढऱ्या कळ्यांचा दांडा आला. बुद्धपौर्णिमेला मूर्तीपुढे दरवर्षी विकतची फुलं असत. या वर्षी घरची ठेवायची, या एका आशेवर बाबुराव रोज त्या कळ्या निरखत. त्याच आनंदात, आणखी दोन झाडं घ्यायला ते सून वैशालीबरोबर शीळफाट्यापलीकडच्या नर्सरीत गेले. रोपं रिक्षात आडवी होऊ नयेत म्हणून मलाही नेलं.

हिरव्या जाळीखाली अंधूक, गार उजेड होता. हवेत मुळं लोंबत होती. कुठेतरी थेंब पडत होता. बाबुरावांनी जांभळ्या फुलांची दोन झाडं निवडली. मालकीणबाई देवयानी म्हणाल्या, "काका, थोडे दिवस ही वेगळी ठेवा. यांचं पाणीही वेगळं. बादली वेगळी."

बाबुरावांचा हात थांबला.

"ताई, लहानपणी गावच्या विहिरीपासून आम्हाला लांब उभं करायचे. माझ्या घरात वेगळं पाणी नाही."

"काका, मी झाडांचं बोलतेय."

"मी घराचं बोलतोय."

रिक्षात वैशाली हळूच म्हणाली, "बाबा, त्या दवाखान्यासारखं सांगत होत्या. तुम्ही सर्दी झाली तरी सम्यकला मांडीवर घेता."

"नातू आहे माझा. घेणारच."

"म्हणून तर सगळं घर शिंकतं."

दोघं हसले. त्याच वेळी एका नव्या झाडाच्या बुडातून माझ्या तळाशी तपकिरी थेंब पडला. त्याला सडक्या बटाट्याचा वास होता. रस्त्यावरच्या धुरात तो कुणालाच आला नाही.

रविवारी आंघोळ. "पाहुण्यांना पहिला मान," बाबुराव म्हणाले.

बुडव.

तो वास माझ्या पाण्यात पसरला.

उचल.

मग घरची झाडं. एकेक. मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते फक्त पाणी घ्यायला.

शेवटी कळ्यांचं झाड.

बुडव.

पुढच्या रविवारी जांभळ्या झाडाचं पान हात लावताच गळून माझ्यात पडलं. देठाशी काळं, मऊ. बाबुराव जुन्या झाडाकडे वळले. दांड्याच्या मुळाशी काळा डाग होता, नखाएवढा.

"वैशाली," ते म्हणाले, "ती बाई झाडांचंच बोलत होती गं."

"दांडा कापू या, बाबा. नाहीतर कळ्याही जातील."

पौर्णिमेला मूर्तीपुढे मिटलेल्या कळ्या होत्या. वंदना झाल्यावर बाबुराव गॅलरीत आले आणि मला उचललं. माझ्यातलं सगळं पाणी त्यांनी मोरीत ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मित्रांनो, बाबुरावांचं माणसांबद्दलचं म्हणणं खरंच आहे. माणसांचं पाणी एकच असावं. पण आजारी झाडाला निराळी कुंडी, निराळी बादली आणि थोडा एकांत द्या. तो अपमान नसतो, ती सेवा असते. आणि मला घासत जा.

आता घासून मला पालथी घातलीय. बाकीची झाडं माझ्या वरच टांगलेली आहेत. त्यांच्या बुडाशी काय आहे, मला दिसत नाही.

आत्ताच माझ्या पाठीवर काहीतरी पडलं. हलकं. ओलं.