खिडकीतली खाट

चारची घंटा झाली की बायकांच्या वॉर्डाचं दार उघडायचं आणि माणसांचा लोंढा आत शिरायचा. एका पेशंटला दोघांनीच भेटावं असं दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं; पण दोघांच्या पासावर पाच जण घुसत, आपल्या माणसाची विचारपूस जेमतेम उरकत आणि सगळे खिडकीतल्या खाटेभोवती गोळा होत. कारण त्या खाटेवर चमत्कार घडत होता. तिथं झोपलेली प्रत्येक बाई बरी होऊन घरी गेली होती. एकीचाही अपवाद नाही.

खाटेच्या उशाशी उजेडबाबा उभा असे. पांढरेशुभ्र कपडे, पांढरा रुमाल आणि आवाज असा, की जणू तेलात बुडवून काढलेला.

"हा साधा उजेड नाही, लोकहो! साधा उजेड भिंतीवर पडतो, हा हाडांत शिरतो! गोळी पोटात जाते, पोटातून पुढं कुठं जाते, कुणी पाहिलंय? उजेड सरळ जिवाला भिडतो!" मग रुमाल तीनदा हवेत फिरे. "ही बाई उद्या नाहीतर परवा आपल्या पायांनी घरी जाईल!"

आणि ती खरोखरच जाई. मग रुमाल पुन्हा फिरे, या वेळी लोकांपुढून, उलगडलेला. आणि परत घडी होईपर्यंत नोटा-नाण्यांनी जड झालेला असे.

अक्का हे सगळं टेबलाजवळच्या खाटेपाशी बसून पाहत होती. त्या खाटेवर तिची धाकटी बहीण होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, साऱ्या गावाची 'बाई', पण अक्काची ठमीच. आई लवकर गेली, तेव्हापासून अक्कानं शिवणयंत्रावर पाय मारून तिला वाढवलं होतं. ठमीच्या छातीत न्यूमोनियानं ठाण मांडलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुई. सिस्टरांच्या टेबलाला लागूनच ही खाट, आणि शेजारी अशीच दुसरी. याच दोन खाटांवरून थोड्याच दिवसांत दोघींना तोंड झाकून नेलेलं अक्कानं पाहिलं होतं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ही खाट माणसाला ओढून नेणारी आहे, ताई," बाबा तिच्या कानाशी येऊन कुजबुजला. "तिला खिडकीत न्या. पण नळ्या काढून! नळ्यांनी उजेड अडतो. खाटेभोवती पडदा ओढा. आणि काही झालं तरी सिस्टरांना बोलवायची ती घंटा वाजवू नका. घंटा वाजली की उजेड विझतो."

घंटा वाजली की सिस्टर येते आणि सिस्टर आली की बाबाची वरात निघते, एवढंच त्यातलं खरं होतं. पण भ्यालेल्या माणसाला हिशोब सुचत नाही.

ठमीनं मास्क जरा वर केला. "अक्का, ती खाट... तिथं आधीच..."

"गप! बोलू नकोस, दम लागतो."

दुसऱ्या दिवशी खिडकीतली बाई हसतमुखानं घरी गेली. त्याच वेळी स्ट्रेचरवर नवी पेशंट आली आणि सिस्टर तिकडं धावल्या. अक्कानं संधी साधली. मास्क काढला, सुईची नळी सोडवली, मान हलवत राहिलेल्या ठमीला जवळजवळ उचलूनच खिडकीत नेलं आणि पडदा ओढला.

पांघरुणावर उन्हाचा पट्टा पडला. उजेड भरपूर होता, श्वास तेवढा नव्हता. ठमीची छाती भात्यासारखी उडू लागली. ओठ निळे पडले. अक्काचा हात घंटेच्या बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. घंटा वाजली की उजेड विझतो.

ठमीची नखं मनगटात रुतली, तेव्हा अक्का भानावर आली. तिनं बटण दाबलं ते सोडलंच नाही.

मग एकच धावपळ झाली. डॉक्टर आले, ठमीला परत टेबलापाशी नेलं, कसाबसा श्वास सुरळीत झाला. डॉक्टर संतापले होते. "कुणी हलवलं हिला?"

अक्का हातातल्या पिशवीच्या बंदाकडं बघत राहिली.

"तुझं लक्ष कुठं होतं?" मोठ्या सिस्टरांनी धाकट्या सिस्टरला झापलं. धाकटीनं बाहीनं डोळे पुसले. ती त्या स्ट्रेचरपाशी होती, हे अक्काला ठाऊक होतं. दोन शब्द बोलायचे होते फक्त. तेही अक्काच्या तोंडून फुटले नाहीत.

हळूहळू ठमीला आराम पडला. एका दुपारी तिनं मास्क वर केला. "त्या दिवशी मी सांगत होते, ते आता तरी ऐकतेस?"

"सांग बाई."

"माझ्या वर्गात दाराजवळचा बाक कुणाचा होता?"

"ज्यांची गणितं आधी सुटायची त्यांचा. गडबड न करता बाहेर जाता यावं म्हणून."

"म्हणजे त्या बाकावरचं प्रत्येक पोर पास. मग गणित बाकानं सोडवलं?"

अक्कानं नकाराची मान हलवली.

"आणि माझ्या टेबलाजवळचा बाक?"

"ढ पोरांचा."

"ढ नव्हे, ज्यांच्याकडे जास्त बघावं लागे त्यांचा. त्या बाकानं त्यांना नापास केलं का?"

अक्कानं सिस्टरांच्या टेबलाकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं आणि खाली बसली.

"समोरच्या आजींची सलाईन निघाली," ठमी म्हणाली. "सकाळी सिस्टरांनी त्यांना चालवलं. उद्या त्या खिडकीत, परवा घरी. बघ, रुमाल नसताना मलाही दिसतं. मी पडल्यापडल्या रोज हेच बघत होते. तू बोलू दिलं असतंस, तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. अक्काला ते पुरं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आजी खिडकीत गेल्या. तिसऱ्या दिवशी चारच्या आत घरी. खाट रिकामी, बाबा हजर आणि ठमीच्या शेजारच्या खाटेपाशी एक ड्रायव्हर आपल्या आईच्या मास्कची पट्टी सोडवत होता.

"थांब रे!" अक्का ओरडली. "मास्कला हात लावू नकोस!"

"मावशी, तुम्हाला काय माहीत त्यातलं?"

"मला नाही तर कुणाला? हिला मीच नेलं होतं. चोरून. मरायला टेकली होती ती माझ्यामुळं." धाकटी सिस्टर ट्रे घेऊन जागीच थबकली. अक्का तिच्याकडं वळली. "बोलणी मात्र तू खाल्लीस. मी गप्प बसले."

"श्रद्धा कमी पडली, ताई," बाबा कळवळला. "शंकेचा एक कण जरी..."

"श्रद्धा नाही, ऑक्सिजन कमी पडला!"

उशीला टेकलेल्या ठमीनं मास्क वर केला. "बाबा, उठायला झालेल्यांवर रुमाल काय फिरवता? या आईंवर फिरवा. इथंच, मास्क न काढता. आणि सांगा, परवा जातील का घरी?"

रुमाल अर्ध्यावरच थांबला. "इथं... इथं उजेडाचा कोन बसत नाही."

"मग भूमितीची शिकवणी लावा!" कुणीतरी म्हणालं आणि वॉर्ड हसला.

गलका ऐकून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी बाबाला साधासा प्रश्न केला. "तुमचा पेशंट कोणता?"

"सगळेच माझे!"

"पास कुणाचा आहे?"

पास निघेना. बाबा दाराकडं सरकू लागला, आणि लोकांनी त्याला आपसूक वाट दिली.

"ऑक्सिजनची तोटी या भिंतीला आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नाजूक पेशंट म्हणून इथं, डोळ्यांसमोर. खिडकीला तोटीच नाही. घरी जायला झाली, की बाई तिकडं जाते. आणि पाच जण मध्ये उभे राहिले, तर मला पेशंट दिसत नाही, म्हणून दोघंच." त्या जरा थांबल्या. "चुकलं आमचंही. दारावर नियम लिहिले, कारणं लिहिली नाहीत."

धाकटी सिस्टर अक्काजवळ आली. "मावशी, पुढच्या वेळी आधी विचारा," एवढंच म्हणाली. रागावली असती, तर अक्काला सोपं गेलं असतं.

पुढं ठमीही खिडकीत आली. त्या दिवशी अक्कानं आधी विचारलं, "इथं का?" उत्तर मिळालं, तेव्हाच उशी हलवली.

ठमी घरी आली, पण अक्का अजून अधूनमधून चारच्या आधी त्या दारापाशी जाऊन उभी राहते. येणाऱ्यांना सांगते, "बाबांनो, आपलं माणूस आत असलं की भीती वाटते, आणि भीतीला बाबा लगेच सापडतो. तुम्ही सिस्टरांना विचारा. ही खाट का, ही नळी कशाची, घंटा कुठं. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. काही हलवू नका, काही काढू नका, काही लपवू नका. आणि पेशंट बोलत असला, तर त्याचं ऐका."

मग घंटा होते आणि माणसं आत जातात. अक्का आपल्या उजव्या हाताकडं बघते. बटणापाशी थांबला होता, तो हा हात.