शिंप्याची मालकीण

शिंप्याने शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने सोबत एक विमाही दिला होता. नोकरी गेली तर हप्ते विमा कंपनी भरेल, अशी त्यात सोय होती. शिंप्याला नोकरी नव्हती. दुकान त्याचं, कात्री त्याची, कपडे वेळेवर न देण्याची पद्धतही त्याचीच. ज्याला कामावरून काढायला कोणी नाही, त्याने पाच वर्षं बडतर्फीचा विमा भरला. विकणारा बँकेतला माणूस म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा.

आता बँकेने जाहीर केलं होतं, की असा विमा कोणाच्या गळ्यात मारला असेल तर पैसे परत मिळतील. मुदत शुक्रवारपर्यंत. शिंप्याचे बेचाळीस हजार निघत होते. दुकानाचं भाडं साधारण तेवढंच थकलं होतं आणि जागेवाल्याने कुलूप आणून दाखवलं होतं.

अर्ज भरायला मेहुणाच आला. स्वतःविरुद्धची तक्रार तो वळणदार अक्षरात लिहू लागला.

“विकणाऱ्याने काय सांगितलं, असं विचारलंय. काय लिहू, दाजी?”

“म्हणालास, विम्याशिवाय साहेब सही करत नाहीत.”

“सहसा करत नाहीत, म्हणालो होतो.”

“सहसा नव्हतं,” शिंप्याची बायको बटण लावता लावता म्हणाली. “मी इथेच बसले होते. तू दोन बिस्किटं खाल्लीस, तिसरं खिशात टाकलंस.”

मेहुण्याने ‘सहसा’ खोडलं.

मग त्याने कर्जाच्या जुन्या फॉर्मची प्रत काढली आणि पटकन उलटी ठेवली. शिंप्याने ती ओढून घेतली. नोकरी: खाजगी, कायम. मालकाचं नाव: शिंप्याच्या बायकोचं, अगदी वडिलांच्या नावासकट.

“हे काय रे?”

“तो रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढे जात नव्हता, दाजी. मग घरात कोणाचं चालतं ते टाकलं.”

म्हणजे कागदोपत्री शिंपी नोकरदार, विमा योग्य, परतावा शून्य. यावर एकच उपाय होता. हा माणूस माझ्याकडे कधीच कामाला नव्हता, असं मालकिणीने लिहून द्यायचं.

बायकोने सुई उशीला टोचली.

“पाच वर्षं मी मालकीण होते आणि मला कोणी सांगितलं नाही.”

“अगं, नुसतं कागदावर.”

“बाकी कुठे आहे माझं काही?”

तिने कागद घेतला आणि स्वतःच लिहिलं. मेहुण्याने मोठ्याने वाचलं, “‘हे माझे नोकर कधीच नव्हते. दुकान त्यांचं. काजं, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे, अकरा वर्षं. पगार नाही.’ ताई, पहिली दोन वाक्यं पुरेत.”

“बँकेला खरं हवंय ना? मग सगळं जाऊ दे. नाहीतर सही नाही.”

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी कुलूप आठवून मान हलवली. अर्ज तसाच गेला.

पंधरा दिवसांनी बँकेतल्या बाईंचा फोन आला. योगायोगाने मेहुणा पँट आखूड करून घ्यायला आला होता. शिंप्याने फोन स्पीकरवर टाकला.

“अर्ज मंजूर झालाय,” बाई म्हणाल्या. “मालकिणीच्या पत्रामुळेच झाला. पण तुमच्या मिसेसना एक विचारा. पगार खरंच नाही?”

“नाही,” बायको लांबूनच म्हणाली.

“एकदाही नाही?”

“नाही.”

“बरं,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. ते ‘बरं’ दुकानात बराच वेळ राहिलं.

शिंप्याने मशीन बंद केलं. गिऱ्हाईक आलं तरी तो ते बंद करत नसे.

“आधी भाडं भरून टाकू,” तो म्हणाला.

“भरा की.”

“मग... असा पगार किती असतो गं, साधारण?”

“मला कसं माहीत असेल?”

मेहुण्याने आखूड करायची पँट बाजूला ठेवली, खिशातून पेन काढलं आणि कोरा कागद पुढ्यात ओढला.

“कधीपासूनचा धरायचा, ताई?” त्याने विचारलं.